चिमीची पांढरी चित्रं

चिमी बरी झाली आणि तिच्या दादाच्या कपाळाला आठी पडली ती पडलीच.

चिमी म्हणजे त्याची धाकटी बहीण. चाळिशी उलटली तरी घरातलं नाव सुटलं नव्हतं. आईवडील गेल्यापासून ती दादाकडेच होती. खाली त्याचं चित्रांच्या चौकटींचं दुकान, वर दोघांचं बिऱ्हाड. लाकडी पट्टी तिरकी कापायची, कोपरे असे जुळवायचे की नखही शिरू नये, मागे पुठ्ठा ठोकायचा, हे त्याचं आयुष्य. तरुणपणी त्यानंही ब्रश धरून पाहिला होता, पण हाताला यश नव्हतं.

यश होतं चिमीच्या हाताला. आणि सगळे म्हणत, तेही तिच्या डोक्यात वारं शिरलं की. मग ती जेवायची नाही, झोपायची नाही, भिंतींशी भांडायची आणि भिंतीएवढी चित्रं काढायची. बघणाऱ्यांची बोलती बंद व्हायची. झटका ओसरला की अंथरूण धरायची. एकदा तिनं मनगट कापून घेतलं. कलादालनाच्या मालकीणबाईंनी तेही तिच्या प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात छापलं.

मग डॉक्टरीणबाईंनी नवी गोळी सुरू केली आणि ती लागू पडली. चिमी झोपू लागली, अंगानं भरली, हसू लागली. कोपऱ्यावरच्या बेकरीत कामाला जाऊ लागली. केकवर क्रीमची फुलं काढायची, नावं लिहायची. बेकरीवाला विधुर होता, भला माणूस; दोघांचं सूत जुळत चाललं होतं. सुट्टीच्या दिवशी ती चित्रंही काढायची, पण लहान लहान. पावांचा ट्रे, वाळत घातलेला टॉवेल, चौकट ठोकणारा दादा.

दालनवाल्या बाई ती पाहायला आल्या. चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "छान आहेत. हात तिचाच आहे. पण ती कुठाय यात?"

जिना उतरताना त्यांनी दादाचा दंड धरला. "बहीण बरी झाली, आनंदच आहे हो. पण आपली चित्रकार गेली."

ते 'आपली' दादाच्या काळजात रुतून बसलं. प्रदर्शनं भरायची तेव्हा लोक त्याचा हात हातात घेऊन म्हणायचे, 'तुम्ही आहात म्हणून ती आहे.' आता गल्लीत त्याची ओळख काय, तर केकवालीचा भाऊ.

तिच्या गोळ्यांचा डबा तोच भरायचा. चिमीनंच ते काम त्याच्यावर सोपवलं होतं. "माझं डोकं मला फसवतं, दादा. तू नाही फसवणार."

दादानं तशाच दिसणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या आणि डब्यात भरल्या. एकच प्रदर्शन होऊ दे, मग पुन्हा सुरू करू, असं त्यानं स्वतःला बजावलं.

"आज गोळी खडूसारखी लागतेय रे," चिमी म्हणाली.

"कंपनी बदललीय. गीळ मुकाट्यानं."

तिनं गिळली.

हळूहळू झोप उडाली. मग एका पोराच्या वाढदिवसाच्या केकवर तिनं सुबक अक्षरात लिहिलं, 'तू मरणार आहेस.' बेकरीवाला तिला हाताला धरून घरी घेऊन आला.

"दादा, हिची गोळी चुकतेय का?"

"तुम्ही तुमचे पाव सांभाळा," दादा म्हणाला.

त्यानं भिंतीएवढा कॅनव्हास ताणून उभा केला, रंग मांडले आणि वाट पाहत बसला. चित्र काही आलं नाही. चिमी कॅनव्हाससमोर बसून नखं कुरतडायची. "रंग हसतात मला," म्हणायची. ब्रश उचलायचा म्हटलं तर रडायची. दादा तिच्या हातात ब्रश कोंबायचा. "काढ ना! पूर्वी कशी काढायचीस?"

अखेर एका दुपारी तिनं चौकटींना लावायच्या पांढऱ्या रंगाचा डबा उचलला आणि जुनी-नवी सगळी चित्रं दोन्ही हातांनी पांढरी करायला घेतली. दादाला वाटलं, आलं, सुरू झालं! डबा संपला तेव्हा त्यानंच दुसरा उघडून दिला. चौकट ठोकणारा दादा पांढऱ्याखाली गेला, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो पुढे धावला, तोवर चिमीनं टर्पेंटाइनची बाटली तोंडाला लावली होती.

जीव वाचला, घसा भाजला.

दालनवाल्या बाई इस्पितळाच्या आधी घरी आल्या. पांढऱ्या चित्रांपुढे त्यांना हुंदका आला. "हे तिचं शिखर आहे!" दुसऱ्या दिवशी दादानं त्यांच्या चौकटींसाठी पट्ट्या कापायला घेतल्या.

इस्पितळात चिमी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणतात, रक्तात गोळीचा अंशही नव्हता. म्हणे, मीच थुंकत असेन. मला काही आठवत नाही. मी थुंकत होते का रे?"

दादानं तिच्या उशीची सुरकुती सारखी केली.

"हो, चिमे. अधूनमधून थुंकायचीस."

तिचे डोळे भरून आले. "आणि तू एवढ्या निगुतीनं डबा भरायचास. माफ कर मला."

"जाऊ दे."

"ती पांढरी केलेली फेकून दे हं. लाज वाटते मला त्यांची."

"दिली फेकून."

रोगी गोळी थुंकते अशी नोंद झाल्यावर इंजेक्शनं सुरू झाली. त्यांनी चिमी शांत झाली, पण हात असे कापू लागले की चमचा तोंडापर्यंत पोचेना. बेकरीवाला भेटायला यायचा. दादानं नर्सला सांगितलं, परकी माणसं आली की तिला त्रास होतो. त्याला दारातूनच परत पाठवू लागले. काही दिवस तो पाव ठेवून जायचा, मग येईनासा झाला.

प्रदर्शनाला मुंगी शिरायला जागा नव्हती. बाईंनी दादाला पुढे ओढून त्याच्या हाती माईक दिला. एका तरुणीनं डोळे पुसत विचारलं, "एवढ्या यातनांतून एवढी शुभ्रता येते कुठून?"

दादानं घसा साफ केला. बहिणीची सेवा, तिची तगमग, तिचा तो शेवटचा आवेग, सगळं त्यानं सांगितलं. कधी नव्हे ते शब्द आपसूक सुचत गेले. लोक रडत होते, आणि रडणाऱ्यांत चांगलं कोण रडतंय, हेही त्याला दिसत होतं.