बांधलेला बाण

सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी घेतलेली दहा दिवसांची रजा संपली, आणि हवामान केंद्रात पाऊल टाकताच निरीक्षक बाईंनी नोंदवही उघडली. वाऱ्याच्या रकान्यात दहाही दिवस एकच शब्द होता: डोंगराकडून. सकाळी तेच, दुपारी तेच. वारा म्हणजे काय पगारी नोकर आहे, रोज ठरल्या वाटेने यायला? आणि आत्ता येताना गालाला जो दमटपणा चिकटला होता, तो काय डोंगराने पाठवला?

बाई तरातरा गच्चीवर गेल्या. वारा दाखवणारा बाण कुणीतरी तारेने खांबाला करकचून बांधून ठेवला होता. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तो फार करकरायचा हो," मागून आलेले साहेब म्हणाले. "जेवणानंतर जरा डोळा लागला की कर्र, कर्र. मग कारकुनाला म्हटलं, बांधून टाक."

"तेल घालायचं सोडून?"

"तेल मागवलंय. मंजुरी यायचीय."

उन्हाळाभर इथे वारा डोंगराकडून येतो, कोरडा खडखडीत. त्यावर मिठागरातलं पाणी आटतं आणि मीठ धरतं. मग तो फिरतो, समुद्रावरून ओल घेऊन येतो, आणि पाच-सहा दिवसांत पाऊस. तो फिरला की केंद्राने फलकावर लिहायचं आणि मिठागरवाल्यांनी मीठ गोदामात हलवायचं, इतका साधा कारभार. यंदा तो नेहमीपेक्षा दोन आठवडे आधीच फिरला होता. बाईंच्या धाकट्या भावाचं वर्षभराचं मीठ उघड्यावर पडलं होतं.

बाईंनी तार ओरबाडून काढली. बोट कापलं. बाण गर्रकन फिरला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

"वहीत वारा एकदम नका फिरवू," साहेब हळूच म्हणाले. "आज थोडा, उद्या थोडा. कुणाच्या लक्षात यायचं नाही."

"मी आले म्हणून आता सारवासारव? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

खाली येऊन त्यांनी वहीत लिहिलं: दहा दिवसांच्या नोंदी खोट्या. बाण साहेबांच्या सांगण्यावरून बांधला होता. खाली ठसठशीत सही केली आणि भावाला फोन लावला.

"आत्ताच्या आत्ता मीठ उचल."

"पाच दिवस झाले वारा दमट लागतोय, ताई. मीठ हाताला चिकटतंय. सगळे म्हणत होते, उचलू या. मीच अडवलं."

"का रे गाढवा? तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं की! पण फलकावर डोंगराकडून लिहिलेलं. मी सगळ्यांना सांगितलं, ताई रजेवर असली तरी तिथली माणसं तिने शिकवून तयार केलीत, खोटं लिहायची नाहीत."

त्या कारकुनाला बाण वाचायला बाईंनीच शिकवलं होतं. तो बांधायचा नसतो हे सांगायची वेळ येईल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. फोनमधून पत्र्यावर टपटप ऐकू आली, मग माणसांची आरडाओरड. कुणीतरी ताडपत्री मागत होतं.

"ऐक, अजून जोर धरायला वेळ आहे," बाई घाईघाईने म्हणाल्या. "समुद्राकडच्या वाऱ्याचा पाऊस पहिल्या दिवशी..."

"ठेव फोन," भाऊ ओरडला. "आणि यापुढे मला वारा सांगू नकोस."