शुभा म्हणे

"साहेब, चोरीला गेलेली वस्तू आपल्याकडेच असेल, तर तक्रार घेता का तुम्ही?"

शुभांगीने हे एका दमात विचारलं आणि मग श्वास घेतला. शाळेच्या मैदानावर रस्ता सुरक्षा सप्ताहाचं भाषण नुकतंच संपलं होतं. "काही शंका?" असं फौजदारसाहेबांनी रीतीपुरतं विचारलं होतं आणि नववीच्या रांगेतून कोणी खरंच उठेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मागे पूजा आणि माधुरी तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. विचारलंस तर आठवडाभर आमच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तुझी, अशी पैज होती.

"कसली वस्तू?"

"लेख. मी लिहिलेला. इंटरनेटवरून नेला एका बाईने."

"कुठून?"

"इंटरनेट, साहेब. कॉम्प्युटरमध्ये असतं. फोनच्या तारेतून जगभर दिसतं."

साहेबांनी टोपी काढून काखेत धरली. "म्हणजे तुझा कागद नेला?"

"कागद माझ्याकडेच आहे."

"मग तिच्याकडं काय आहे?"

"तेच."

"आणि तुझ्याकडं?"

"तेच."

मैदानभर हसू फुटलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी टोपीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "बाळ, मुद्देमाल दोन्हीकडं असला तर पंचनामा कुठं करायचा?"

"मलाही तेच कळत नाही, साहेब," शुभांगी म्हणाली आणि खाली बसली. चटणी जिंकली होती, पण तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

इंटरनेटची ओळख तिला करून दिली ती प्रवीणदादाने, म्हणजे तिच्या मामेभावाने. नगरला सावेडीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये तो शिकवायचा. तिथे नुकतंच इंटरनेट आलं होतं आणि फुकटात मिळणाऱ्या जागेवर त्याने शुभांगीचं एक पान करून दिलं होतं. वर नाव, खाली गाव नेवासा, आणि त्याखाली तिचे लेख. मराठी अक्षरं सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर उमटत नाहीत म्हणून मजकूर इंग्रजी अक्षरांत. तिच्या माहितीत आतापर्यंत ते पान कोणी पाहिलं असेल तर प्रवीणदादाने आणि त्याच्या दोन मित्रांनी, तेही त्याने चहा पाजला म्हणून. तरीही शुभांगी वर्गात बाकावर उभी राहून म्हणाली होती, "मी जगभर वाचली जाते!"

पहिलाच लेख गोधड्या धुण्याचा होता. दसऱ्याच्या आधी प्रवरेच्या काठावर बायका गोधड्या घेऊन जातात, पायांनी तुडवतात, दोघी दोन टोकं धरून पिळतात, आणि पिळता पिळता जे बोलणं होतं ते घरी कधीच होत नाही, असं तिने लिहिलं होतं. आईच्या लग्नातल्या जांभळ्या साडीचा तुकडा एका गोधडीत आहे, तो धुताना आई हात हलका करते, हेही लिहिलं होतं. आणि शेवटी एक ओळ. अण्णा, म्हणजे तिचे वडील जालिंदर, गायन पार्टीसाठी भीमगीतं रचायचे. गाणाऱ्या-रचणाऱ्यांची जुनी रीत अशी, की शेवटच्या कडव्यात कवीने आपलं नाव गुंफायचं. ती रीत तिने लेखाला लावली:

'शुभा म्हणे, गोधडी धुतली की घर हलके, दोरी जड.'

तोच लेख आता अमेरिकेतल्या कुणा वसुधाताईंच्या 'आठवणींचा डबा' नावाच्या पानावर होता. मथळा, 'माझ्या आजोळच्या गोधड्या'. प्रवरा जाऊन नुसती नदी आली होती. बाकी सगळं तेच, अगदी जांभळ्या साडीसकट. ते प्रवीणदादाच्या नजरेस पडलं, आणि हा लेख नेवाशाच्या एका शाळकरी मुलीचा आहे असं पत्र त्याने वसुधाताईंना पाठवलं होतं, इंटरनेटवरूनच.

रविवारी शुभांगी नगरच्या गाडीत बसली, ती भांडणाची वाक्यं पाठ करत. क्लासमध्ये पोचली तर प्रवीणदादा खुर्चीत मागे रेलून हसत होता.

"ये, ये. उत्तर आलंय. आधी बस."

"माफी मागितली का?"

"तू वाच."

पडद्यावर ओळी वरून खाली सरकल्या. वसुधाताईंनी फार गोड लिहिलं होतं. लेख कुणाचा ते ठाऊक नव्हतं, एका मैत्रिणीने पाठवला, वाचून आपलं आजोळच डोळ्यांपुढे आलं, म्हणून पानावर घातला. शाळकरी मुलीचा आहे हे कळल्यावर तो काढून टाकत आहे, राग नसावा. 'मात्र शेवटची ओळ मी ठेवते आहे. ती नेवाशाच्या संत शुभा यांची आहे, आणि संतांची वाणी कुणा एकाची नसते. संत शुभांचं आणखी काही उपलब्ध असल्यास जरूर कळवावे. आमच्या मंडळातल्या भगिनींना ती ओळ फार आवडली आहे.'

शुभांगीने ते दोनदा वाचलं. पाठ केलेल्या वाक्यांतलं एकही इथे बसत नव्हतं.

"दादा, ही मला संत म्हणतेय."

"म्हणतेय खरी. पाया पडू का?"

"पण मग माझं नाव काढलं, का ठेवलं?"

प्रवीणदादाचं हसू ओसरलं. त्याने कीबोर्डवरची धूळ फुंकली. "ते तूच ठरव बाई. काय कळवू तिला?"

"थांब. अजून काही कळवू नको."

परतीच्या गाडीत ती खिडकीच्या काचेवर बोटाने 'शुभा' लिहीत होती. काचेवर धूळ होती म्हणून अक्षर उमटत होतं. घोडेगावला एक म्हातारी शेजारी बसली आणि तिने पदराने काच पुसून टाकली.

घरी अण्णा ओट्यावर ढोलकीची दोरी आवळत बसले होते. एसटीच्या वर्कशॉपमधलं काळं वंगण नखांत तसंच होतं. आई दारात लसूण सोलत होती. शुभांगीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"म्हंजी माझी साडी तिच्या आईची झाली?" आई म्हणाली. "माझ्या लग्नातली?"

"आता काढलं तिनं ते, आई."

"काढलं ना? मग झालं. पर अमेरिकेत गोधडी धुत्यात कुठं म्हनं?"

अण्णा मान खाली घालूनच म्हणाले, "सोडून दे, शुभे. नाव घातलं की कोन ना कोन हात लावतंच. नाव न्हाईच घातलं, तर काढनार काय?"

"पण मग तुमचं आहे हे कळणार कसं?"

अण्णांनी दोरीला आणखी एक पीळ दिला. ढोलकी आधीच ताणलेली होती.

"सांगा की आता," आई म्हणाली. "पोरगी मोठी झाली. तिसगावचं सांगा."

"काय सांगायचं त्यात?"

"मग मी सांगते. तू पाळन्यात हुतीस. तिसगावात चौदा एप्रिलचा कार्यक्रम, छगनची पार्टी. ह्ये आपले लोकांत बसले ऐकायला. तर छगन ह्यांचंच गानं म्हनतोय! तिथवर ठीक. पर शेवटच्या कडव्यात 'सांगे जालिंदर'च्या जागी 'सांगे छगन'. आता जालिंदर केवढा, छगन केवढा! चालीत बसंना. मग तो आपला ओढतोय, छऽऽगऽऽन, छऽऽगऽऽन. पोरंसुदा हसली."

शुभांगीला हसू आवरेना. "मग?"

"मग काय, ह्ये गेले स्टेजवर. पेटीचा भाता फाटला. पेटी छगनची, ह्यांची न्हाई."

"भाता मीच शिवून दिला नंतर," अण्णा म्हणाले. "तेवढं सांग की."

"शिवून दिला. आन् तवापासनं शेवटचं कडवं लिवायचं बंद."

शुभांगीचं हसू थांबलं. अण्णांची सगळी गाणी तिला तोंडपाठ होती. ती अचानक संपायची. पार्टीवाले धृपद पुन्हा घोळवून वेळ मारून न्यायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. गाणी अशीच असतात असं ती समजत आली होती. मनातल्या मनात तिने एक म्हणून पाहिलं. शेवटाला पाय टाकला आणि खाली पायरी नव्हती.

"अण्णा, छगनकाकांनी नाव काढलं ते सगळ्यांना कळलं. का कळलं?"

"चाल लंगडली म्हनून."

"म्हणजे नाव घट्ट बसलं होतं. माझं नुसतं शेवटाला चिकटवलेलं होतं. म्हणून बाई ते सोलून घेऊन गेली." तिने आईच्या सुपातली लसणाची पाकळी उचलली, परत ठेवली. "आणि तुम्ही तर स्वतःच काढून टाकलंत."

अण्णांनी ढोलकीवर थाप मारली. आवाज फार चढा निघाला. त्यांनी दोरी थोडी सैल केली.

आई म्हणाली, "मग त्या बाईला काय कळवनार हाईस?"

"मी ठरवलंय," शुभांगी म्हणाली. बोलताना ती आपोआप ताठ उभी राहिली, फौजदारसाहेबांपुढे राहिली होती तशी. "त्यांना सावकाश कळवीन, की शुभा हयात आहे आणि तिची वार्षिक परीक्षा जवळ आली आहे. त्याआधी मला दुसरं काम आहे. चौदा एप्रिलपर्यंत अण्णांच्या सगळ्या गाण्यांना शेवटचं कडवं मी लिहिणार. नाही म्हणू नका, अण्णा. नाव तुमचंच घालीन. चाल तेवढी तुम्ही धरा."