फाइल पोचली

मित्रांनो, जळगावच्या एका गोदामात, तुटक्या खुर्च्या आणि वायरींच्या वेटोळ्यांखाली जी काळी, जडशीळ पेटी दिसते ना, तो मी. मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या पाठीवर पोलिसांच्या लाखेचा एक तांबडा डाग आहे. तो कुणी खरवडून काढला नाही, कारण मला हात लावायलाच कुणी तयार नसते. गोदामात येणारे ड्रायव्हर लोक म्हणतात, हे यंत्र अपशकुनी आहे.

मी नवा होतो तेव्हा असे नव्हते. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल होते. खानदेशात मोबाइलचे टॉवर नुकतेच उभे राहत होते. एका ठेकेदार कंपनीने मला मुंबईहून आणले आणि कुसुमलता नावाच्या मुलीच्या हाती दिले. ती पारोळ्याची, कापडाचे दुकान चालवणाऱ्या भिकमचंदजींची मुलगी. तिने धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. त्यांच्या घरातल्या मुलीने माळरानावर जीपमधून फिरायचे, हे भिकमचंदजींना पटत नव्हते. तरी पहिल्या दिवशी ते स्वतः तिला एसटी स्टँडवर सोडायला आले, आणि मी ज्या पिशवीत होतो ती पिशवी त्यांनीच उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

माझे काम काय, ते सांगतो. प्रत्येक टॉवरच्या पायथ्याशी एक बंद खोली असते. त्या खोलीत राउटर नावाची एक पेटी असते. टॉवरकडे आलेले बोलणे कुठल्या वाटेने पुढे पाठवायचे, हे ती पेटी ठरवते. त्या पेटीला अधूनमधून नवे शिक्षण द्यावे लागे. ते शिक्षण एका फाइलमध्ये असे आणि ती फाइल माझ्या पोटात.

कुसुमलता मला या कामासाठी तयार करायची, तेव्हा मला फार बरे वाटे. आधी ती मला राउटरच्या ओळीतला पत्ता द्यायची, म्हणजे आम्ही दोघे एकमेकांना शेजारी समजू. मग फाइल ठरलेल्या कप्प्यात ठेवायची. फाइलच्या नावातले एक अक्षर चुकले तरी राउटर ती घेत नसे, म्हणून ती नाव पुटपुटत वाचायची. मग फाइल पाठवणारा प्रोग्राम सुरू करायची. मी एक तुकडा पाठवी, राउटर 'मिळाला' म्हणे, की मी पुढचा पाठवी. मध्येच तार सुटली तर मात्र राउटर अर्धवट शिकलेला, मुका होऊन बसे. मग तो टॉवर कित्येक दिवस बंद.

आम्हाला जोडणाऱ्या तारेच्या टोकाला प्लॅस्टिकची नखाएवढी खुंटी होती. त्या खुंटीने तार खाचेत घट्ट बसे. ती खुंटी शिरपूरच्या कामात तुटली. कुसुमलताने जळगावच्या ऑफिसात नवी तार मागितली. साहेब म्हणाले, "मॅडम, मुंबईहून येईपर्यंत चालवून घ्या. हाताने दाबून धरली तर चालते ना?"

"चालते, सर," ती म्हणाली. खरेच चालत होती.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, नवी तार अजून आलेली नसतानाच, आम्ही चोपड्याच्या पुढे, केळीच्या बागांमधल्या एका टॉवरवर गेलो. जीप तोताराम चालवत होता. टॉवरचे राखणदार होते जीवरामनाना. साठीकडे झुकलेले, बारीक अंगाचे. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी माठातले पाणी दिले आणि मला पाहून विचारले, "ताई, हाई पेटी काय करस?"

"नाना, ही त्या मोठ्या पेटीला शिकवते."

"शाळाच शे म्हना ना मंग," नाना हसले.

कुसुमलताने तार दाबून धरली, फाइल सुरू झाली आणि थोड्याच वेळात वीज गेली. खोलीतल्या बॅटऱ्या जुन्या, त्या फार टिकणाऱ्या नव्हत्या. बाहेर पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर होता. तोतारामने तो लावला. तेवढ्यात सातपुड्याकडून वादळ उठले. धुळीने सूर्य दिसेनासा झाला, केळीची झाडे कडाकड मोडू लागली, आणि जनरेटरवर माती उडून तो आचके देऊ लागला.

"आत ओढू का, मॅडम?" तोतारामने विचारले. "बंद पडला तर सगळं बोंबलेल."

कुसुमलता घुटमळली. मग माझ्या पडद्याकडे पाहून म्हणाली, "घ्या आत. थोडंच राहिलंय."

तोताराम आणि नानांनी जनरेटर खोलीत ओढला. मग तिने तोतारामला टाकी पाहायला सांगितली. पेट्रोल जेमतेम होते, फाइल पुरी व्हायच्या आत संपेल अशी भीती होती. चोपड्याहून आणायला हवे होते. वाटेत कुठे झाड आडवे पडले तर ते बाजूला करायला तोतारामच्या जोडीला माणूस हवा, आणि पंपावर कंपनीची चिठ्ठी द्यायची तर तिचीच सही लागे. म्हणून तिने नानांना माझ्याशेजारी बसवले आणि तारेचे टोक त्यांच्या बोटाखाली दिले.

"नाना, हे असं दाबून धरा. मी येईपर्यंत हात काढू नका."

"तुम्ही जा ताई. मी आठेच बसस. हात काढनार नही," नाना म्हणाले. आठेच म्हणजे इथेच.

दारातून धूळ आत येत होती. जाताना तिने दार ओढून घेतले. ती खोली यंत्रांसाठी बांधलेली, धूळ शिरू नये म्हणून फटी बुजवलेली. दार जड होते. ते पक्के बसले.

मित्रांनो, त्यानंतर त्या खोलीत काय झाले ते पाहणारा मी एकटाच आहे.

जनरेटर धडधडत राहिला आणि त्याचा विषारी धूर त्या बंद खोलीत साचत गेला. नाना आधी ताठ बसले होते. मग मोकळ्या हाताने त्यांनी कपाळ चोळले. एक जांभई दिली, दुसरी दिली. एकदा दाराकडे पाहिले, अर्धवट उठले, आणि तार हलेल म्हणून पुन्हा बसले. मी तुकडे पाठवत होतो, राउटर 'मिळाला' म्हणत होता. मग शेवटचा तुकडा गेला. माझ्या पडद्यावर ओळ उमटली: फाइल पोचली.

ती ओळ इंग्रजीत होती. नानांनी तिच्याकडे पाहिले. त्यांच्या लेखी ती आधीच्या सगळ्या ओळींसारखीच होती. काम संपल्यावर काय दिसेल, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. माझ्याजवळ आवाज नव्हता. त्यांनी बोट आणखी घट्ट दाबले आणि डोके भिंतीला टेकले.

चोपड्याच्या रस्त्यावर खरेच झाडे आडवी पडली होती. तोताराम आणि कुसुमलता परतले तेव्हा पेट्रोल संपून जनरेटर थांबला होता. दार उघडताच दोघांना ठसका लागला. कुसुमलताने नानांना हाक मारली, खांदा हलवला. मग दोघांनी त्यांना ओढून उघड्यावर नेले. तोतारामने तोंडावर पाणी मारले, छाती चोळली. वारा पडला होता. नाना उठले नाहीत.

पोलिसांनी मला जप्त केले. ऑफिसच्या साहेबांनी कुसुमलताला बाजूला घेऊन सांगितले, "राखणदाराने स्वतःच्या मनाने जनरेटर आत घेतला, एवढंच म्हणा. तुमच्या भल्याचं सांगतोय." तिने तसे म्हटले नाही. "जनरेटर माझ्या सांगण्यावरून आत घेतला, दार मी ओढलं," असे तिने फौजदारांना सांगितले. तिची नोकरी गेली.

मी पोलिसांकडून सुटलो तेव्हा मला परत आणायचे काम तोतारामवर आले. कुसुमलताने त्याला निरोप धाडला होता, म्हणून मी जीपमध्ये असतानाच तो तिला घेऊन नानांच्या गावी गेला. भिकमचंदजी सोबत होते. नानांची बायको धुरपदाबाई अंगणात बसल्या होत्या. कुसुमलता जमिनीवर बसली. जनरेटरचे, दाराचे, सगळे तिने सांगितले. शेवटी धुरपदाबाईंनी एवढेच विचारले, "काम पुरं व्हयनं का?"

"झालं, अक्का."

"कव्हय?"

कुसुमलताला माहीत होते. फाइल केव्हा पोचली याची नोंद माझ्या पोटात होती आणि पोलिस येण्याआधीच तिने ती वाचली होती. खोटे बोलणे सोपे होते.

"आम्ही परत यायच्या कितीतरी आधी," ती म्हणाली. "त्यानंतर बसायची गरज नव्हती."

धुरपदाबाई म्हणाल्या, "मंग त्यासले कोन सांगनार व्हतं?"

भिकमचंदजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

आज तो टॉवर चालू आहे. चोपड्याचे व्यापारी त्याच्यावरून केळीचे भाव विचारतात. माझी बॅटरी फुगली आहे, पडदाही उजळत नाही. माझी धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. मित्रांनो, आपण जी वस्तू वेळेवर दुरुस्त करत नाही, तिची उणीव कुणीतरी माणूस आपल्या अंगाने भरून काढत असतो. यंत्राजवळ कुणाला बसवाल, तर काम कधी संपते तेही त्याला सांगून ठेवा. आणि उशीर होणार असेल, तर दुसऱ्या कुणाला तरी त्याच्याकडे पाठवा. जाणाऱ्याने एवढेच विचारायचे, "बरं वाटतंय ना?"