कॉलरचा वास

बाबांच्या अंगाला पर्कचा वास यायचा. ड्रायक्लीनिंगच्या मशीनमध्ये पाण्याऐवजी जे द्रावण खेळतं ना, त्याचा. गोडसर, थंड, नाकाला जरा चावणारा. शाळा सुटली की मी परस्पर दुकानात यायची आणि दप्तरासकट त्यांच्या शर्टात तोंड खुपसायची. माझं नाक मुळातच वाया गेलेलं म्हणा हवं तर. पण आजही कुठे तो वास आला की मी थांबून तो छातीभर ओढून घेते, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

दुकानात एक रीत होती. मशीनमधून निघालेला प्रत्येक कपडा बाबा कॉलरपाशी हुंगायचे. मान हलली की कपडा पिशवीत. भुवई चढली की परत हँगरवर, वाऱ्याला. म्हणायचे, "वास पुसट हवा, पण हवा. त्याशिवाय सफाई कळत नाही." गिऱ्हाइकं हसायची, पण बाबांनी हुंगल्याशिवाय कोट घेऊन जायची नाहीत.

मग वहिनीला दिवस गेले. तिचं इस्त्रीचं टेबल मशीनला अगदी खेटून. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पर्कच्या वाफेत उभं राहायचं नाही. वहिनी घरी बसणाऱ्यातली नव्हती. म्हणजे जायचं तर मशीननेच. दादाने आणि मी पाण्यावर चालणारं नवं मशीन बघून ठेवलं. सौम्य साबण, हळू फिरणारा ड्रम, लोकरीचा कोटही आटत नाही.

"पाण्यातच बुडवायचं तर घरच्या बादलीने काय घोडं मारलंय?" बाबा म्हणाले.

"बाबा, ती वाफ वाईट असते," दादा म्हणाला.

"उभा जन्म काढलाय मी त्या वाफेत. काय झालंय मला?"

"डोकं फिरलंय, दुसरं काय," कोपऱ्यात कपड्यांना बटणं लावत बसलेली आई म्हणाली.

बाबा हटेनात. शेवटी मी त्यांचाच लग्नातला करडा कोट नव्या मशीनवाल्याकडे नमुन्याला धुऊन आणला. तो बाबांना दाखवून मग मी सांगणार होते. तोवर आमच्या कपड्यांच्या रांगेत टांगला. मी पिशव्या आणायला वळले, तेवढ्यात बाबांनी आपल्याच मशीनमधला समजून तो उचलला, कॉलर हुंगली आणि त्यांची मान हलली.

"हा बघा आपला वास," ते खुशीत म्हणाले. "पुसट, पण आहे. तुमच्या त्या पाण्याला येणार आहे का हा?"

दादा माझ्याकडे बघत राहिला. मी कोट घेऊन हुंगला. पर्कचा मागमूस नव्हता.

वहिनीने इस्त्री उभी केली. "बाबा, हा त्या नव्या मशीनमधलाच आहे."

त्यांनी पुन्हा हुंगला. मग जुन्या मशीनचं दार उघडून डोकं आत घातलं. त्या दारापाशी माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, इतका तिथे भपकारा.

"इथेही येत नाही," ते म्हणाले.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"काय ठाऊक. मान आपली सवयीने हलत होती."

जुनं मशीन न्यायला माणसं आली तेव्हा बाबांनी त्याच्या दारावर एकदा थाप मारली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मशीनखालची फरशी कोरी, नव्यासारखी निघाली. मी तिथे बसून पोटभर रडले. वहिनीच्या बाळासाठी मशीन बदलायचा हट्ट मीच धरला होता आणि मीच रडत होते, याचं दादाला फार हसू आलं.

वहिनी शेवटपर्यंत टेबलाशी उभी राहिली आणि मग तिला मुलगी झाली. दुपट्यात गुंडाळलेलं ते गाठोडं बाबांनी हातात घेतलं आणि सवयीने मानेपाशी नाक नेलं. तसेच बराच वेळ थांबले.

"कसा वास येतो गं हिला?" त्यांनी आईला विचारलं.

आई वाकली. तिने घाई केली नाही.

"तुमच्या दुकानाचा नाही येत," ती म्हणाली.

बाबांची मान हलली.