अर्धेलीची वगार

किन्हीराजा गावच्या रत्नमालाने एका वगारीला, न व्यालेल्या तरण्या म्हशीला, इतका जीव लावला, की शेवटी तोच जीव वगारीच्या मुळावर आला.

वगार तिची नव्हती. शेलूबाजारात दुधाचा धंदा करणाऱ्या सरवरीभाभीने ती अर्धेलीने दिली होती. सांभाळायची रत्नमालाने, आणि गाभण राहून वेताला आली की मोल दोघींत अर्धं अर्धं. मोल करायची रीत जुनी आणि पक्की. वाढवणाऱ्याने किंमत सांगायची, मालकाने निवडायचं. जनावर हवं असेल तर अर्धी किंमत मोजून न्यावं, नको असेल तर वाढवणाऱ्याकडून अर्धी घेऊन सोडून द्यावं. एकदा तोंडातून निघालेली किंमत मात्र फिरवायची नाही. अशी रीत असली की लबाडीला जागा उरत नाही, असं जुनी माणसं म्हणत. जुन्या माणसांनी सगळीच माणसं कुठे पाहिली होती!

रत्नमालाच्या दावणीला स्वतःचं जनावर कधी बांधलं गेलं नव्हतं. नवरा शेषराव मजुरीला जायचा, तीही जायची. आपल्या वाट्याच्या पैशात एक लहानशी का होईना, पण स्वतःची म्हैस घ्यायची, एवढंच तिच्या मनात होतं. म्हणून ती वगारीला कुटाराच्या सुक्या भुश्शावर ठेवायला तयार नव्हती. मजुरीहून आली की विळा घेऊन तलावावर जायची, गुडघाभर चिखलात उतरून पाण्याकाठचं कोवळं गवत कापायची आणि ओला भारा डोक्यावर घेऊन यायची. शेजारची पंचफुला हसायची, की सुनेसाठी एवढं कोणी करत नाही. पंचफुलाच्या म्हशी सोयाबीनच्या कुटारावर होत्या आणि ठणठणीत होत्या. आळशाचं भलं झालं आणि कष्टाळूचं वाटोळं, असाही न्याय असतो जगात.

पावसाळा सरला तशी वगार वाळायला लागली. पोटात आठ महिन्यांचं पिल्लू आणि वर बरगड्या मोजून घ्याव्यात. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. शेषराव म्हणाला, तापल्या सळईने डाग देऊ. रत्नमालाने गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पापणी खाली ओढून दाखवली, आत रक्ताचा टिपूस नव्हता, सगळं पांढरंफटक. काळजात, म्हणजे यकृतात, चपटे जंत झालेत, म्हणाले, पानाच्या आकाराचे. तलावाच्या काठच्या गोगलगायींतून ते गवतावर येतात आणि गवतातून पोटात. औषध दिलं. जंत मरतील, पण काळीज खाऊन झालंय. विताना टिकली तरी दूध देणार नाही, असंही सांगून गेले.

रत्नमाला त्या दिवशी जेवली नाही. आपल्या हाताने भारे वाहून आपण हिला विष चारलं, हे तिच्या घशाखाली उतरेना. पण दुसऱ्याच दिवसापासून तिच्या डोक्यात वेगळं चक्र फिरू लागलं. दिवसभर मान खाली घालून खाल्लं की संध्याकाळी पिशवी भरायची, आणि रात्रभर बसून रवंथ केला की सकाळी ओसरायची, हे तिने हेरलं होतं. सरवरीभाभीने दिलेलं जनावर आजवर कधी मागे सोडलं नव्हतं, दर वेळी अर्धे पैसे मोजून नेलंच होतं. औषधाने थोडी तकाकी आली तशी रत्नमालाने निरोप धाडला, मोल करायला या, पण सकाळच्या पहिल्या जीपनं या.

भाभी आली. वगारीला न्हाऊ घालून तेल लावून उभी केली होती. पिशवी नव्हती. भाभीने पाठीवरून हात फिरवला, जरा वाळलेली दिसते म्हणाली, आणि पहिलं वेत आहे, असायचंच, असं स्वतःच म्हणाली. रत्नमालाने किंमत सांगितली, ऐंशी हजार. निरोगी म्हशीची किंमत.

भाभी म्हणाली, "यावेळी मी नेत नाई. पोटच्या लेकीवानी वाढवली तूनं. राहू दे तुह्याच दावणीले. माहे चाळीस सवडीनं दे, मी मांगनार नाई."

मरायला टेकलेलं जनावर रत्नमालाच्या गळ्यात पडलं होतं, आणि तेही मायेपोटी. बोलावं तर लबाडी उघडी पडते, न बोलावं तर चाळीस हजार. तिने मान डोलावली. फेडीन, म्हटलं मनाशी. केलं ते भोगीन.

चहा पिता पिता भाभी सहज बोलून गेली, "तुह्यापासून मीबी शिकली. दोन मैने झाले, माह्या साऱ्या म्हशीले नदीकाठचंच गवत आनून राह्यली."

रत्नमालाने हातातली बशी खाली ठेवली. साऱ्या म्हशी म्हणजे भाभीचं सगळं घर. ती उठली, भाभीला हाताला धरून वगारीपाशी नेलं आणि पापणी खाली ओढली.

"ते गवत आजपासून बंद करा, भाभी. हे पाहा. हिचं काळीज जंतानं खाल्लं, पाण्याकाठच्या गवतानं. डॉक्टरले बोलवा, आजच्या आज."

भाभीने वाकून दुसरी पापणी स्वतः खाली ओढून पाहिली.

"तुले कवापासून ठाऊक आहे?"

"निरोप धाडला त्याच्या आंधीपासून."

भाभीने औषधाचं नाव विचारलं. रत्नमालाने रिकामं पाकीट आणून दिलं. ते पदराच्या टोकात बांधून भाभी निघाली. चहा अर्धा तसाच राहिला होता. फाटकापाशी ती थांबली, पण वळली नाही.

"किंमत तूनं सांगतली, रत्नमाला. सांगतलेली किंमत फिरत नाई. माहे चाळीस आता मी मांगनार."