पहिल्या नंबरावरचं बिबड्यांचं पान

मी एक पान बोलतंय. वहीतलं नाही, वेबसाइटवरचं. मोबाइलमध्ये ज्वारीचे पापड शोधलेत, म्हणजे आमच्या खान्देशातले बिबडे, की सगळ्यात वर मीच येतं. लोक माझा हेवा करत असतील. करोत बापडे.

माझा जन्म पारोळ्यातल्या एका ओट्यावर झाला. कुंदाबाई बिबड्यांचा घाटा, म्हणजे ज्वारीचं शिजतं पीठ, ढवळत होत्या आणि त्यांची लेक मोनाली शेजारी बसून त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करत होती. ती जळगावला नोकरीला. आईच्या हातचे बिबडे चार गावांत जावेत म्हणून तिनं ही वेबसाइट काढली आणि आईनं सांगितलं ते जसंच्या तसं अहिराणीतच माझ्यावर उतरवलं. "ज्वारी तीन दिन भिजाडानी. घाई करानी नही. घाटा हातले चिटकना नही, म्हणजे शिजना." ओल्या धोतरावर पहिला बिबडा थापताना तो फाटला आणि सासूबाई कशा हसल्या, तेही होतं. कुंदाबाईंना वाचता येत नव्हतं. मोनाली वाचून दाखवायची आणि त्या पदर तोंडाला लावून लाजायच्या.

माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नसे. पण आलेला माणूस शेवटपर्यंत वाचायचा. सुरतेकडे गेलेली आपली माणसं तर वाचून फोन करायची.

मोनालीला ऑर्डरी हव्या होत्या. तिनं अमनला गाठलं, वेबसाइटची पानं सुधारणं हा त्याचा धंदाच. त्यानं मला नीट मथळा दिला, लांबलचक मजकूर तोडला, फोटो हलके केले. साहित्य, कृती, ऑर्डर, सगळं वाचणाऱ्याच्या हाताशी आलं. त्याचे उपकार मी नाकारत नाही. कुंदाबाईंच्या बोलण्यापाशी मात्र तो थांबला.

"ताई, हे आहे तसंच राहू द्या. असं दुसऱ्या कुणाच्या पानावर नाही."

मोनालीला ऑफिसातली मैत्रीण आठवली. ती हे वाचून म्हणाली होती, किती गावठी लिहिलंय गं.

"काढून टाका," मोनाली म्हणाली. "चांगल्या मराठीत लिहा."

चार महिन्यांत मी पहिल्या नंबरावर पोचलं. ऑर्डरी आवरेनात. कुंदाबाईंनी एकदा लेकीला विचारलं, "मी सांगेल शे ते वाचतस का लोके?" मोनाली हो म्हणाली. मला तिचा राग आला नाही, फार वाईट वाटलं.

गेल्या माघात कुंदाबाई गेल्या. तेरावं झाल्यावर मोनालीनं मला उघडलं. वरून खाली गेली, पुन्हा वर आली. आईचं बोलणं ज्यात होतं तो जुना मोबाइल तिनं केव्हाच देऊन टाकला होता. अमनला फोन केला. जुना मजकूर त्यानं तेव्हाच तिला पाठवला होता, आणि तिनं तो न उघडताच पुसला होता.

मग ती माझ्या तळाशी स्वतःच लिहायला बसली. लिहायची, खोडायची. प्रत्येक वाक्य शाळेच्या पुस्तकातल्यासारखं होई. शेवटी आईच्या बोलीतलं एवढंच उरलं: "मनी माय सांगे..." तेवढंच ठेवून तिनं मला बंद केलं.

बाबांनो, आम्हाला सुधारा, जरूर सुधारा. पण पुसण्याआधी ज्याचं बोलणं आहे त्याला एकदा विचारा. माझ्यावर आज हजारो लोक येतात, मला त्याचं काही वाटेनासं झालंय.

परवा सुरतेहून एका म्हातारीचा फोन आला. नातवानं तिला माझ्यावरचं सगळं वाचून दाखवलं होतं. तिनं सहज विचारलं, "मंग पुढे काय सांगे तुनी माय?"

मोनालीला पुढचं आठवत नव्हतं.