पंच्याऐंशीवरची चकती

“सही कर ना, आस्लाउग. वॅफल गार होताहेत,” स्टाइनार म्हणाला आणि त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. तो अँब्युलन्स हेलिकॉप्टरांच्या तळाचा प्रमुख, ती तिथली मेकॅनिक.

शुक्रवार होता. बोडो शहरातल्या त्या हँगरात शुक्रवारी अकराला वॅफल भाजायचे आणि तपकिरी चीज घालून उभ्याउभ्याच खायचे, हा नेम. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचंच अँब्युलन्स हेलिकॉप्टर एका बेटावर दाणकन आदळलं, पण वॅफल काही चुकले नाहीत.

आत चौघं होती. वैमानिक, डॉक्टर आणि बचाववाला आपल्या पायांनी बाहेर आले. नर्स राग्नाला उचलून काढावं लागलं. तिचा मणका मोडला होता. आणि कागदावर काय, तर ‘खुर्चीत दोष नाही. नर्सने चकती स्वतःच्या वजनावर लावली नव्हती.’

आस्लाउगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी!

एकतीस वर्षं ती या खुर्च्या दुरुस्त करत होती. हेलिकॉप्टर आदळलं की खुर्चीने खाली घसरायचं आणि घसरता घसरता धक्का पचवायचा, एवढंच त्या खुर्चीचं काम. पण जड माणसाला खुर्ची ताठ लागते, हलक्याला मऊ. त्यासाठी बाजूला एक चकती असते. बसताना तिच्यावर आपलं वजन लावायचं. ताठ खुर्चीत हलकं माणूस बसलं तर खुर्ची जागची हलत नाही आणि सगळा दणका त्याच्या पाठीत जातो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चढता-उतरताना बूट लागून चकत्या फिरायच्या, दर तपासणीला वेगळाच आकडा निघायचा. स्टाइनार वैतागला.

“पंच्याऐंशीवर ठेव सगळ्या आणि वरून टेप मार. कटकट नको.”

“अरे, राग्ना एकोणपन्नास किलोंची आहे.”

“मग बरंच की! जी खुर्ची जाड्याला झेलते, ती चिमणीला नाही झेलणार?”

राग्ना त्या दिवशी सुट्टीवर होती; बाकी सगळे खो खो हसले. आस्लाउगही हसली. तिला चांगलं कळत होतं की हे उलटं आहे, पण रोज उठून कोण हुज्जत घालणार? दोन्ही हेलिकॉप्टरांतल्या आठही खुर्च्यांवर तिनेच काळी टेप मारली, चांगले तीन वेढे.

“टेपबद्दल यात एक अक्षर नाही,” ती आता म्हणाली.

“कसली टेप?”

“स्टाइनार!”

“दाखव मला कुठे आहे ती.”

कुठून दाखवणार? मोडकं हेलिकॉप्टर हँगरात आणलं त्याच संध्याकाळी कुणीतरी दोन्ही हेलिकॉप्टरांतल्या सगळ्या टेपा सोलून काढल्या होत्या. चकत्यांभोवती डिंकाचं काळं कडं तेवढं उरलं होतं.

“आणि मारली कुणी?” स्टाइनार हळूच म्हणाला. “तुझा परवाना जाईल बाई. दोन वर्षांवर निवृत्ती आली तुझी. राग्ना स्वतःच मान्य करतेय, मग तुला कशाला पुळका?”

राग्ना मान्य करत होती, हे खरंच होतं. रविवारी आस्लाउग तिला भेटायला गेली होती. पट्ट्यांत आवळलेली ती पोर छताकडे बघत म्हणाली, “माझीच चूक गं. मी फिरवून बघायची ना चकती, दर उड्डाणाला, बसल्यावर खाली हात घालून, हातमोज्यानेच चाचपत. फिरायचीच नाही. वाटायचं, माझ्या बोटांतच जोर नाही. पुरुषांसमोर कुणाला मदत मागायची? मग त्या दिवशी फिरवलीच नाही.”

आस्लाउगने तिच्या उशाशी बसून तिला संत्रं सोलून दिलं होतं. तोंडातून शब्द काढला नव्हता.

आता तिने हँगरभर नजर फिरवली. दोन वर्षं त्या टेपेशेजारी बसलेले बारा जण खाली मान घालून वॅफल चावत होते. थू तुमच्या जिनगानीवर! आणि माझ्याही.

तिने कागदावर आडवी रेघ मारली. खाली ठसठशीत लिहिलं: ‘चकती टेपने बांधलेली होती. स्टाइनारने सांगितलं, मी बांधली. राग्नाची चूक नाही.’ मग सही केली, तारीख घातली.

“वेड लागलंय का तुला?” स्टाइनार ओरडला.

“लागायला उशीर झाला. हा कागद मी स्वतः सरकारी चौकशीवाल्यांकडे नेणार. आणि तू तुझे वॅफल खा.”

बाहेर धावपट्टीच्या कुंपणाशी उभं राहून तिने फोन लावला.

“राग्ना, ऐक. तुझ्या बोटांत जोर होता. चकतीवर टेप होती. ती मी मारली होती.”



“रविवारी तू तासभर इथे होतीस,” राग्ना म्हणाली. “मी रडत होते. तेव्हा का नाही बोललीस?”

 आणि तिने फोन बंद केला.

आस्लाउग आत आली. उड्डाणाला तयार असलेल्या दुसऱ्या हेलिकॉप्टरात चढली, नर्सच्या खुर्चीशी वाकली. चकती अजून पंच्याऐंशीवरच होती. टेप काढली होती, पण आकडा बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिने चकती राग्नाच्या एकोणपन्नासवर आणून बघितली.

एका बोटाने फिरली.